पाच दिवसांत पक्कं

साहेब, हे पाप तुमचं आहे. ज्याच्याकडे सर्टिफिकेट त्याच्याच हाती सर्व्हर रूमची किल्ली, हा हुकूम काढण्याआधी तुम्ही त्या खोलीत एकदा तरी पाय ठेवला होता का? ठेवला असतात तर कुडकुडत बाहेर आला असतात, आणि तिथे कुणीतरी रोज स्वेटर घालून बसतं एवढं तरी कळलं असतं.

ते कुणीतरी म्हणजे ताई. वॉर्डापासून औषधांच्या खिडकीपर्यंत इस्पितळातली जवळजवळ प्रत्येक तार तिने उभं राहून ओढून घेतलेली. कुठला कॉम्प्युटर केव्हा रुसणार, हे तिला आधीच कळायचं. फक्त कागद नव्हता. नेटवर्किंगची परीक्षा पास झाली तर किल्ली तिची, नाहीतर बदली नोंदणीच्या खिडकीवर. मग दिवसभर काचेआडून “पुढचा!” म्हणून ओरडत बसा.

साहेबांनी उपकार केल्यासारखं तिला कोर्सला धाडलं. कोर्सचं नाव ‘पाच दिवसांत पक्कं’. पाच दिवसांत नवी चप्पल पायाला बसत नाही, आणि इथे अख्खं नेटवर्क डोक्यात बसणार होतं! एक खुर्ची रिकामी राहत होती म्हणून गाडीखात्यातला कारकूनही सोबत दिला. त्याला सगळे पोपट म्हणायचे. ऐकलेलं तो जसंच्या तसं बोलून दाखवायचा. अर्थाशी त्याचं जुनं वैर असावं.

वर्ग एका हॉटेलच्या तळघरात. कोर्सचे सर गळ्यात माइक अडकवून असे बोलायचे, की समोर चार टेबलं नसून मैदान भरलंय. खोटं कशाला बोला, सबनेटचं, म्हणजे एका नेटवर्कचे लहान तुकडे पाडायचं गणित मात्र त्यांनी झकास शिकवलं. ताई आजवर कागदावर रेघोट्या मारत बसायची, ते आता बोटांवर जमायला लागलं. तेवढ्यावर तिने सरांना गुरू मानलं, आणि तिथेच घात झाला.

घरी सासूबाई उजळणी घ्यायच्या. एकीकडे धुतलेल्या चादरींच्या घड्या, दुसरीकडे मांडीवर प्रश्नांची चिठ्ठी.

“डीएनएस कुठल्या पोर्टवर?”

“त्रेपन्न.”

“आणि हे... एचटीटीपीएस?”

“चारशे... थांबा हं आई...”

“चारशे त्रेचाळीस! अगं, मला पाठ झालं, तुला कसं होत नाही? मीच बसते परीक्षेला. तू चादरींच्या घड्या घाल.”

नवरा दाराआडून हसला. त्याला त्या रात्री चादर मिळाली नाही.

चौथ्या दिवशी जेवणानंतर सरांनी गुपित फोडलं. “परीक्षा ज्ञानाची नसते, वेळेची असते. सूचनांचं पान वाचत बसू नका, सरळ पुढे चला. प्रश्न अडला की सोडा. शेवटी मागे या आणि निवांत सोडवा.”

ताईने मान डोलावली. शेजारी पोपट लॅपटॉपच्या बॅगेवर गाल टेकून घोरत होता. तिने त्याला पेनाने टोचलं. त्याने झोपेतच कूस बदलली.

परीक्षेला दोघं शेजारच्या कॉम्प्युटरवर. पोपटाने सूचनांचं पान उघडलं आणि ओठ हलवत, लग्नाची पत्रिका वाचावी तसं अथपासून इतिपर्यंत वाचलं. ताईला त्याची कीव आली. ती केव्हाच पुढे सुटली होती. जरा शंका आली की सोड, पुढे. येत असलेलंसुद्धा तिने निवांतपणासाठी राखून ठेवलं. शेवटचा प्रश्न झाला, हातात भरपूर वेळ, स्वारी खुशीत. तिने मागे जायचं बटण शोधलं. वर शोधलं. खाली शोधलं. मग हात वर करून पर्यवेक्षक बाईंना बोलावलं.

“मागे कसं जायचं?”

“जाता येत नाही. सूचनांमध्ये पहिलीच ओळ आहे ती.”

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. राखून ठेवलेलं सगळं शून्यात गेलं होतं.

निकाल तिथल्या तिथे लागला. ताई नापास. पोपट काठावर का होईना, पास.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी किल्ली पोपटाच्या हातावर ठेवली. त्याने ती तापलेल्या पातेल्यासारखी धरली, बाहेर येऊन सर्व्हर रूमच्या दाराची काच पाहिली, आतले लुकलुकणारे दिवे पाहिले आणि तसाच मागे फिरला. वाटेत ताईला हाताला धरून ओढत साहेबांपुढे उभं केलं.

“साहेब, किल्ली ताईला द्या. मी आत शिरलो तर इस्पितळ बंद पडेल.”

“पण पास तुम्ही झालात!”

“झोपलो होतो म्हणून झालो. मला तो सोडायचा नियम ऐकूच आला नाही. ताई बिचारी जागी होती.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “हे बघा, नियम म्हणजे नियम. मॅडमना पुढच्या महिन्यात परत पाठवू. तोच कोर्स. संस्था नामांकित आहे.”

“तोच?” ताईचा आवाज चढला. “तेच सर?”

“तेच. अनुभवी माणूस आहे.”

बाहेर शिपायाने चहाचा कप वाजवणं थांबवलं. ताई टेबलाजवळ सरकली आणि टेलिफोन उचलून साहेबांच्या पुढ्यात ठेवला.

“नापास मी झाले, चूक माझी. सूचना मी वाचायला हव्या होत्या. बदली करायची तर करा, ओरडेन खिडकीत. पण त्याआधी संस्थेला फोन लावा. ज्या परीक्षेला मागे जाताच येत नाही, तिच्यात मागे या म्हणून शिकवणाऱ्या त्या माणसाने ही परीक्षा स्वतः कधी दिलीय का? हो की नाही, एवढंच विचारा. लावा ना साहेब. मी इथून हलणार नाही. दिलीय का?”