पावणेसहाचं भडंग

वडगावच्या त्या शेडमध्ये सोळा माग होते आणि चौदा भांडणं. मागांची यादी मालकीणबाईंकडे असायची, भांडणांची शालूबाईच्या डोक्यात. दाराशेजारी बसून, मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायच्या, हे तिचं एकवीस वर्षांचं काम. आत येणारा आणि बाहेर जाणारा प्रत्येक जण तिच्या नजरेखालून जायचा, आणि कोण कुणाकडे न बघता गेला याची नोंद आपोआप व्हायची.

सगळ्यात जुनं भांडण सात नंबरच्या मागावरचं. दिवसा तो साईनाथ चालवायचा, संध्याकाळी सहानंतर युवराज. दोन वर्षांपूर्वी युवराजनं आपली पिशवी साईनाथच्या खुंटीला अडकवली होती. तेव्हापासून एकाच साडीचा अर्धा भाग हा विणायचा, अर्धा तो. बोलणं मात्र बंद.

अशा शेडमध्ये डिसेंबरच्या एक तारखेला क्षमा आली. निपाणीच्या जैन घरातली, कापडाच्या कामाचा डिप्लोमा केलेली, काखेत फाईल. पाळी बदलताना सगळे माग पुन्हा सुरू व्हायला चाळीस मिनिटं जायची. फेब्रुवारी संपायच्या आत ती निम्म्यावर आणलीस तर नोकरी पक्की, नाहीतर परत निपाणीला, वडिलांच्या खताच्या दुकानात पोत्यांवर बसायला. मालकीण राजेश्वरीबाईंनी ही अट सगळ्यांदेखत घातली, त्यामुळे पोरीचं काय पणाला लागलंय ते अख्ख्या शेडला ठाऊक.

शालूबाईनं तिला मनातल्या मनात पंधरा दिवस दिले. आधीचा सुधारणावाला नऊ दिवसांत गेला होता. ही जरा चिवट दिसत होती.

पहिल्याच आठवड्यात क्षमानं दोन्ही पाळ्यांना अंगणात गोल उभं केलं आणि पिशवीतून रबरी चेंडू काढला. ज्याच्याकडे टाकायचा त्याचं नाव घ्यायचं आणि त्याच्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची. चेंडू साईनाथकडे आला. समोर नेमका युवराज.

"टाका की अण्णा. नाव घ्या."

"त्याचं नाव मला म्हायत हाय, माझं त्याला. म्हणून तर बोलत न्हाय."

"मग एक चांगली गोष्ट तरी?"

साईनाथनं बराच विचार केला. "ह्यो आला की मला घरी जायाला मिळतंय. लई चांगली गोष्ट हाय."

चेंडू शेवटी शेजारच्या कौलांवर गेला आणि तो काढायला कुणी गेलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात भिंतीवर तक्ता लागला. कुठला माग किती वेळ बंद पडला ते नावानिशी, लाल शाईत. सात नंबरची संध्याकाळची रांग कुंकू सांडल्यासारखी दिसायला लागली. युवराजनं ती पाहिली. रोज कामावर येताना तो शालूबाईला "आलो आक्का" म्हणायचा, तेही बंद झालं. हे मात्र तिला झोंबलं.

"चौदाची पंधरा केलीस गं बाई," ती क्षमाला म्हणाली.

"काय पंधरा?"

"काय न्हाय. तो कागद काढ तेवढा."

सकाळी तक्ता निघालेला होता. का, कशाला, असलं काही न विचारता. शालूबाईनं मुदत आठवड्यानं वाढवली.

त्याच दिवशी पावणेसहाला तिनं पाहिलं, तर क्षमा कोपऱ्यात डबा उघडून, भिंतीकडे तोंड करून, घड्याळाकडे बघत घास घेत होती.

"का गं, एकटीच जेवालीस? ते बी भिंतीसंगट?"

"सूर्य मावळायच्या आत आटपावं लागतं, आक्का. खोलीवर पोचेपर्यंत अंधार पडतोय."

"आन् भिंत कशाला?"

"सगळे काम करालेत. त्यांच्यापुढं कसं खायचं?"

शालूबाईनं त्या शेडमध्ये माणसांना शिव्या खाताना पाहिलं होतं. लाजून भाकरी खाताना कुणाला पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती घरून डबाभर भडंग घेऊन आली. "लसूण न्हाय, कांदा न्हाय. मला तर औषधागत लागालंय. तू खाऊन बघ."

दोघी दारात वर्तमानपत्र पसरून बसल्या. तिसऱ्या दिवशी दिवसपाळीचे तिघं माग थांबवून आले, पाचव्या दिवशी सगळेच. मग संध्याकाळच्या पाळीला बातमी लागली, की दिवसवाल्यांना भडंग मिळतंय आणि आपल्याला नाही. सहाचे सव्वासहा करणारी माणसं पावणेसहाला दारात हजर. युवराजचं "आलो आक्का"ही परत सुरू झालं.

"आक्का, माग बंद पडलेत सगळे," क्षमा कुजबुजली. "मालकीणबाईंनी बघितलं तर?"

"गप खा."

तोंडात घास आणि समोर आपल्या जागेवर बसणारा माणूस, मग बोलायचं तरी कशाबद्दल? "माझ्या चार नंबरचा ताणा डावीकडं ढिला हाय बघ." "अकराची दोरी आज बदललीया, जरा दमानं घे." सहा वाजले की जो तो थेट आपल्या मागावर. क्षमानं घड्याळ पाहिलं. सहा वाजून पाच मिनिटांनी पंधरा माग खडखडत होते.

सात नंबर तेवढा थांबून थांबून चालायचा. चाळीस मिनिटांच्या हिशेबात तेवढा एक काटा राहिला होता, आणि जानेवारी संपत आला होता.

साईनाथला कांद्याशिवाय भडंग म्हणजे शिक्षा. पण क्षमासमोर कांदा काढायचा नाही, ही रीत कुणी न सांगता सगळ्यांनी पाळलेली. म्हणून तो खिशात कांदा घेऊन यायचा आणि मधेच नळाकडे जाऊन खाऊन यायचा. एका संध्याकाळी उठता उठता त्यानं खिशातून कांदा ओढला, त्याच्याबरोबर बोटभर कातड्याचा तुकडा निघाला आणि नेमका भडंगात पडला.

युवराजनं तो उचलला. चुरमुरे फुंकले. तुकड्याची एक बाजू घासून गुळगुळीत झाली होती.

"सात नंबरचा ह्यो?"

साईनाथ हातातल्या कांद्याकडे बघत राहिला. "व्हय. धोटा डाव्या पेटीत आदळतोय. म्हणून पाचर घालतो."

"आन् जाताना काढून नेतोस."

"माझी हाय ती."

"दोन वर्षं?"

"तू इचारलास कधी?"

सगळ्यांचं चावणं थांबलं. शालूबाईची नजर क्षमाच्या खिशातल्या पेनावर. नोंद करायला ते आता बाहेर आलं, की दोघं पुन्हा गप्प आणि पोरगी उद्याच निपाणीच्या गाडीत.

पेन बाहेर आलं नाही. क्षमानं भडंग युवराजकडे सरकवलं आणि साईनाथला म्हणाली, "अण्णा, असा आणखी एक तुकडा मिळंल काय? हा तुमचा तुमच्याकडंच असू दे."

"आख्खा पट्टा हाय घरात," साईनाथ पुटपुटला. मग दोन वर्षांनी पहिल्यांदा युवराजकडे सरळ बघून, "पाचर तिरकी बसवायची असती. सरळ घातलास तर धोटा उडून टकुऱ्यात बसंल."

"म्हंजे दोन वर्षं माझं टकुरं वाचिवलंस की."

हसायला आधी साईनाथनंच सुरुवात केली.

"आणि कांदा इथंच बसून खावा," क्षमा म्हणाली. "मी खात न्हाय. तुम्हाला कोण नको म्हणालंय?"

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी क्षमा डबा न उघडताच दारात आली. दिवस मोठा झाला होता; सूर्य साडेसहा उलटल्यावर मावळत होता.

"आक्का, आता मला खोलीवर जाऊन जेवायला मिळतंय."

"दिवस तुझा मोठा झाला. आमची भूक हाय तेवढीच. बस."

ती बसते न बसते तोच राजेश्वरीबाई आल्या. सोळा माग बंद आणि माणसं दारात चरत बसलेली. "पावणेसहालाच?"

क्षमानं फाईल उघडली. शालूबाईनं मालकिणीपुढे स्टूल सरकवलं आणि कागदावर मूठभर भडंग ठेवलं. "सहा वाजून पाच मिनिटं होऊ द्यात बाई. मग काय ते बोला."

राजेश्वरीबाईंनी एक घास घेतला. "कांदा न्हाय?"

साईनाथनं खिशात हात घातला.

सहा वाजून चार मिनिटांनी सोळाच्या सोळा माग सुरू झाले, सात नंबर पहिल्या पाचांत. भडंगासकट वीस मिनिटांत सगळं उरकलं होतं. त्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू जाईना, म्हणून राजेश्वरीबाईंनी क्षमाचंच पेन घेतलं, फाईलवर 'मार्चपासून कायम' असं लिहिलं आणि तिच्यापुढे धरलं.

साईनाथ पिशवी घ्यायला वळला. त्याच्या खुंटीशेजारी एक नवा खिळा ठोकलेला होता आणि त्याला युवराजची पिशवी लटकत होती. "येतो आक्का," म्हणून साईनाथ निघाला, आणि मागावरून युवराजनं त्याला हात हलवला.

शालूबाईनं मनात भांडणांचा आकडा बदलला. तेरा. पण चार आणि अकरा नंबरवाल्यांत भडंगात लसूण घालायचा की नाही यावरून कालपासून जुंपली होती, ते तिला आठवलं, आणि तिनं तो परत चौदा केला. एवढ्या मोठ्या शेडला तेवढी लागतातच.