कर्णेवाल्यांची गाडी

कडेगावात येऊन रहिमान आतार कुठं राहतात असं विचारलंत, तर लोक जरा डोकं खाजवतील. रहिमान कर्णेवाला म्हणा, शेंबडं पोरसुद्धा तुम्हाला दारापर्यंत आणून सोडेल. लग्न असो, उरूस असो, जयंती असो नाहीतर साखर कारखान्याची निवडणूक असो, खांबावर चढून चारी दिशांना चार कर्णे बांधायचे ते रहिमानभाईंनीच. मग डीजेच्या भिंती आल्या, धंदा बसला आणि लाऊडस्पीकरचे ते कर्णे पोत्यात गुंडाळून माळ्यावर गेले. नाव मात्र माळ्यावर गेलं नाही. ते रहिमानभाई अजून इस्त्रीच्या सदऱ्यासारखं अंगावर घालून फिरत होते.

त्यांचा थोरला दानिश लोणंदला एका कंपनीत सुपरवायझर. बहिणीच्या, समीनाच्या, मंगनीसाठी आठवडाभराची रजा काढून तो आला तो नवीकोरी सात सीटची गाडी घेऊनच. उंच, पांढरी, दारात उभी केली तर अर्धी गल्ली अडवणारी. येत्या रविवारी सगळ्या घरानं तिच्यात बसून मंगनीसाठी लोणंदला समीनाच्या होणाऱ्या सासरी जायचं होतं. शेजारच्या तात्याबानं गाडीला चारी बाजूंनी हात लावून बघितला, हार घातला, पेढा खाल्ला आणि वर "आता रहिमानभाईला ढकलायला तरी लावू नगंस" असं म्हणून घेतलं.

पहिल्याच फेरीला दानिशनं हौसेनं कव्वाली लावली. रहिमानभाईंनी मारुतीच्या देवळापर्यंत कसंबसं ऐकून घेतलं.

"गाडी हाय का त्याल काढल्याला पत्र्याचा डबा?" ते म्हणाले. "गाणारा नाकात बोलतोय."

"कंपनीचे स्पीकर असलेच असत्यात, अब्बा," दानिश हसला. "इस्लामपुरात एक दुकान हाय. नवीन स्पीकर, अँप्लिफायर, सगळं एका दिवसात बसवून देत्यात. वर मागच्या काचंवर त्यांचा झ्याक स्टिकर बी लावत्यात."

ते स्टिकरचं नसतं काढलं तर पुढचं रामायण घडलंच नसतं. रहिमानभाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"कर्णेवाल्याच्या गाडीवर दुसऱ्याचं नाव?" ते म्हणाले. "ही गाडी लोणंदला व्याह्याच्या दारात उभी ऱ्हानार. समीनाच्या सासरची मान्सं काच वाचनार आन म्हननार, ह्यांच्या घरचा आवाज भाड्यानं आनलाय. तू सामान आन. जोडनार मी."

दानिशला ते पटलं नव्हतं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, तसं. पण बापाशी वाद कोण घालणार? शेवटी बोली अशी ठरली की शुक्रवारपर्यंत अब्बांनी जोडायचं. जमलं तर जमलं. नाही जमलं तर शुक्रवारी मंगनीचे कपडे घ्यायला इस्लामपूरला जायचंच आहे, तेव्हा गाडी दुकानात लावायची आणि स्टिकरसकट घरी आणायची. रहिमानभाईंनी "कबूल" असं इतक्या मोठ्यानं म्हटलं की जणू निकाह त्यांचाच होता.

दानिशनं सांगलीहून सामान आणलं आणि काम सुरू झालं. आता हे कबूलच करायला हवं की म्हाताऱ्याच्या हातात कसब होतं. दरवाज्याच्या आतलं पॅनेल उचकटताना भल्याभल्यांच्या हातून प्लास्टिकच्या क्लिपा तुटतात; त्यांच्या हातून एकही तुटली नाही. दरवाज्याचा पत्रा थरथरू नये म्हणून त्याला आतून जाड काळी शीट चिकटवली, तीही वाटीच्या बुडानं घोटून घोटून. बॅटरीपासूनची जाड तार फ्यूज घालून रबरी बुचातनं आत घेतली, पायपुसण्याखालून नेली आणि अँप्लिफायर सीटखाली असा बसवला की बघणाऱ्याला पत्ता लागू नये. डावीकडचे दोन दरवाजे एका दिवशी झाले, उजवीकडचे दुसऱ्या दिवशी. तात्याबा कट्ट्यावर बसून तंबाखू मळत होता. "ह्यो मानूस विमानाला बी कर्णा बांधंल," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, आणि रहिमानभाई ऐकू न आल्यासारखं करून सगळं ऐकत होते.

काम झालं. आता आवाज तपासायचा.

आवाज तपासायची रहिमानभाईंची एक रीत होती आणि उभ्या आयुष्यात त्यांनी ती मोडली नव्हती. कर्णे लागले की ते कधी स्टेजजवळ उभे राहायचे नाहीत. गर्दीतनं चालत चालत पार शेवटच्या माणसाच्या मागं जायचे आणि तिथं कान द्यायचे. "म्होरल्याला काय, कुनीबी ऐकवंल," ते म्हणायचे. "शेवटच्याला ऐकू आलं तर ते काम." तेव्हा त्यांनी गाडीचे चारी दरवाजे सताड उघडले, दानिशला कव्वाली लावायला सांगितली आणि स्वतः पाठमोरे चालू लागले. पार कोपऱ्यावरच्या लिंबाखाली जाऊन उभे राहिले. शब्द न् शब्द स्पष्ट येत होता. त्यांनी तिथूनच दोन्ही हात वर करून दाखवले. तात्याबानं टाळी वाजवली.

ते परत आले तेव्हा दानिश दरवाजे लावून आत बसला होता. त्यानं काच खाली केली. तोंड उतरलेलं.

"अब्बा, राग मानू नगा. कंपनीचं बरं हुतं म्हनायचं. मोठा झालाय आवाज, पन पोकळ लागतोय. त्यात दमच न्हाई."

"तुज्या कानात दम न्हाई!"

"तुमी आत बसून बघा की एकदा."

"मी भाईरनं ऐकलंया. लय खनखनीत हाय."

असं म्हणून ते ताडताड घरात गेले. गेले खरे, पण मोडेन पण वाकणार नाही म्हणणाऱ्या माणसालासुद्धा आतून कुठंतरी वाकायला होतंच. दानिश लबाड बोलणारा पोरगा नव्हता. मग काय, आपले कानच गेले? कर्ण्यांच्या शेजारी जन्म काढला, त्यांनीच कान खाल्ले? खांबावरनं पडायची भीती रहिमानभाईंना कधी वाटली नव्हती. ती भीती त्यांना आता, स्वतःच्या घरात, गादीवर बसल्याबसल्या वाटली. त्यांनी ती कुणाला सांगितली नाही.

शुक्रवारी नमाज झाल्यावर गाडी इस्लामपूरच्या रस्त्याला लागली. दानिश चालवत होता. शेजारी रहिमानभाई, खिडकीकडं तोंड करून. मागच्या सीटवर खिडकीशी समीना मोबाइलमध्ये ओढण्यांचे रंग बघत होती, आणि समोरचा रस्ता दिसावा म्हणून हाजराबी सीटच्या मधोमध बसल्या होत्या. हाजराबी म्हणजे रहिमानभाईंची बायको. मोजकं बोलणारी बाई. घरात त्यांचा आवाज ऐकू यायचा तो बहुतेक "जेवायला या" एवढाच.

दानिशनं तीच कव्वाली लावली. का लावली कुणास ठाऊक. बहुधा दुकानात काय सांगायचं ते नीट ऐकून ठेवावं म्हणून. ऊसतोडीचे दिवस होते. ट्रॅक्टर दोनदोन ट्रॉल्या ओढत, आपापली गाणी बडवत कारखान्याकडं चालले होते. एक ट्रॅक्टर मागं पडला तशा हाजराबी बोलल्या.

"दानिश, डग्गा कुठं गेला रं?"

"काय, अम्मी?"

"गानारा हाय, पेटी हाय, टाळ्या हायत. तबला टिकटिक करतोय. त्येचा डग्गा न्हाई."

रहिमानभाईंनी मान मागं वळवली. दोन दिवस दाबून ठेवलेलं सगळं त्यांनी बायकोवर काढलं.

"तुला काय कळतंय त्यातलं? उभ्या जल्मात एका तरी कार्यक्रमाला आलीस का?"

"न्हाई आले," हाजराबी म्हणाल्या. "तुमी कवा न्येलं न्हाई."

समीनानं मोबाइल खाली ठेवला. पण हाजराबींचं लक्ष भांडणात नव्हतं. त्या सरकून डाव्या खिडकीला कान लावून बसल्या. मग समीनाला बाजूला व्हायला सांगून उजव्या खिडकीला. मग पुन्हा मधी.

"ह्या दाराशी बसलं की डग्गा येतोय," त्या म्हणाल्या. "त्या दाराशी बसलं तरी येतोय. मधी बसलं की जातोय. दोन जावा एकाच चुलीपाशी बसल्यात बगा. एक फुंकतीया, तवा दुसरी वारं वढून घेतीया. मग जाळ व्हनार कसा?"

रहिमानभाईंनी बोटांवर मोजलं. डावे दरवाजे एका दिवशी, उजवे दुसऱ्या दिवशी. स्पीकरला दोन तारा असतात, एक प्लसची, एक मायनसची. उलट्या जोडल्या तरी स्पीकर वाजतो. फक्त शेजारच्याचा पडदा पुढं येतो तेव्हा याचा मागं जातो. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण कर्ण्यांना कधी कुणी प्लस-मायनस बघितलं होतं? एकाचं तोंड मशिदीकडं, दुसऱ्याचं शाळेकडं, तिसऱ्याचं ओढ्याकडं. जन्मात एकमेकांची गाठ पडायची नाही, मग भांडण कुठलं? चार भिंतींच्या आत, समोरासमोर तोंड करून त्यांनी आजवर काही जोडलंच नव्हतं. आणि लिंबाखाली उभं राहून ते भांडण ऐकू येणारही नव्हतं.

"दानिश," ते म्हणाले, "गाडी बाजूला घे."

उसाच्या फडाला लागून गाडी थांबली. स्क्रूड्रायव्हर तर त्यांच्या खिशात पेनासारखा असायचाच. त्यांनी उजवीकडच्या दोन्ही दरवाज्यांची पॅनेलं काढली, तारा उलटवल्या, पॅनेलं परत बसवली. एवढ्या वेळात तिथनं जाणाऱ्या निम्म्या ट्रॅक्टरवाल्यांनी "काय झालं, चाचा? ढकलू का?" विचारून घेतलं. मग त्यांनी सगळे दरवाजे लावले आणि पहिल्यांदाच, गाडी घरात आल्यापासून पहिल्यांदाच, मागच्या सीटवर बायकोशेजारी जाऊन बसले.

"लाव."

डग्गा आला. सीटच्या पाठीतनं, पायातळच्या पत्र्यातनं, गोल आणि भरदार आला, आणि त्याच्यावर गाणाऱ्याचा आवाज असा उभा राहिला की माणूस समोर बसून गातोय. दानिशनं आरशातनं बापाकडं बघितलं.

"अब्बा," तो म्हणाला, "चुकलो मी. असलं काम इस्लामपुरात बी न्हाई व्हायचं."

हेच ऐकण्यासाठी रहिमानभाई दोन दिवस तळमळले होते. आता मात्र त्यांचं तिकडं ध्यानच नव्हतं. ते हाजराबींकडं बघत होते.

"तुला कसं गं कळलं?"

हाजराबींनी पदर नीट केला. "तुमी कामावर ग्येला की मी आंगनात बसायची. वारं आपल्याकडं असलं की चारी कर्नं येगयेगळं ऐकू यायचं. कुठला वाकडा बांधलाय, कुठल्याचा घसा बसलाय, समदं कळायचं. मधीच एखादा बंद पडला की मला कळायचं, आता ह्ये खांबावर चढलं. मग तो परत सुरू हुईपतूर मी भाकरी थापत न्हवते."

रहिमानभाईंनी हातातला स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला. आपण गर्दीच्या शेवटच्या माणसामागं उभं राहून कान देत होतो, आणि त्याच्याही कितीतरी मागं, मैलभर अंधारात, ही बाई पीठ भिजवून बसली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. रहिमानभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी लपवलं नाही, आणि हाजराबींनी ते पुसायलाही सांगितलं नाही.

इस्लामपुरात त्यांनी कपडे घेतले, समीनानं सगळ्यांना दमवून शेवटी पहिलीच ओढणी पसंत केली, आणि दुकानाच्या गल्लीकडं गाडी वळली नाही.

रविवारी लोणंदला व्याह्यांचं घर माणसांनी भरलं होतं. जेवणं झाली, मिठाई झाली, आणि मग सगळे गाडी बघायला बाहेर आले. होणारा जावई रिजवान पुढच्या सीटवर बसला, त्याचे वडील मागं, विहीणबाई घराच्या दारात. दानिशनं कव्वाली लावली. रिजवानच्या वडिलांनी डोळे मिटले आणि गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला. गाणं संपेपर्यंत ते उतरले नाहीत.

"वा! कुठल्या दुकानातनं करून घेतलं वो?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांची तोंडं रहिमानभाईंकडं वळली. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणूनच तर हा सगळा खटाटोप होता. दानिशनं छाती पुढं काढून "आमच्या अब्बांनी सोताच्या हातानं" एवढं म्हटलं आणि रहिमानभाईंनी त्याला हातानंच थांबवलं.

"जोडनी माजी," ते म्हणाले. अंगणभर ऐकू जाईल असं म्हणाले. कर्णेवाल्याला हळू बोलायची सवय कुठली? "पन मी ती चुकीची केलती. चूक हिनं कानानं धरली. नुसतं बसून, डोळं रस्त्यावर ठिवून. हिच्यासारखा कान मी कुठल्या दुकानात बघितला न्हाई."

पुरुषांच्या घोळक्यात कुणी आपल्या बायकोचं असं नाव काढलेलं तिथल्या कुणी ऐकलं नव्हतं. दोघंतिघं उगाच खाकरले. विहीणबाई मात्र दारातनं पुढं आल्या. त्यांनी हाजराबींना वरपासनं खालपर्यंत बघितलं.

"खरंच की काय, विहीनबाई? तुमाला ह्यातलं कळतंय?"

आता ही लाजणार, पदर तोंडाला लावणार आणि "कुठलं काय" म्हणून आत जाणार, असं रहिमानभाईंना वाटलं.

हाजराबींनी एकदा नवऱ्याकडं बघितलं. मग विहिणीकडं सरळ बघून, तिथल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या,

"कळनार न्हाई तर काय? उभा जल्म ह्योच धंदा हाय आमचा."