नाना उभे तिथून

धुळ्याच्या त्या मैदानाला कोपरे नव्हते, आणि तोताराम नानांची निम्मी पंचाईत तिथेच सुरू झाली. नशिराबादच्या बाहेर ज्या पडीक रानात ते जमनाला पळवत, तिथे चांगले चार कोपरे होते. एका कोपऱ्यात बोर, दुसऱ्यात उकिरडा, तिसऱ्यात कुणीतरी टाकून दिलेला सिमेंटचा पाइप आणि चौथ्यात खुद्द नाना. शेवटची फेरी लागली की नाना दिसतील तिथून सुटायचं, मागे वळून पाहायचं नाही. चार महिने रोज सकाळी हाच पाठ चालला होता. दोघांत त्याला नावही पडलं होतं, 'नाना उभे तिथून'.

नाना काही शिकलेले प्रशिक्षक नव्हते. जळगावच्या एसटी आगारात त्यांनी जन्मभर इंजिनं उघडली आणि मिटली. जमना पावरा ही सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्याच्या वरच्या अंगाला असलेल्या पाड्यावरची मुलगी. जळगावच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. मागची दोन वर्षं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पाच हजार मीटरला ती तिसरी आली होती, आणि विद्यापीठाच्या संघात पहिल्या दोघीच जातात. दोन्ही वर्षी पहिल्या फेरीपासून तीच पुढे होती. दोन्ही वर्षी शेवटच्या शंभर मीटरमध्ये तिच्या मागून दोघी सटकून निघून गेल्या. यंदा गेली तर गेली, नाहीतर पुढच्या वर्षी ती कॉलेजातच नसणार. हे तिला माहीत होतं आणि नानांना तर झोपेतही माहीत होतं.

"तुझी चूक एकच," नाना तिला सांगत. "तू सगळं डिझेल घाट लागायच्या आधीच जाळतेस."

"पण मी पुढे असते ना, नाना."

"पुढे असून काय? बारा फेऱ्या पुढे होती असं कुठल्या कागदावर लिहितात? तुझा वेळ कोण विचारतो? नंबर विचारतात. नंबर शेवटच्या फेरीत ठरतो."

हे जमनाला पटायचं, पण पायांना पटायचं नाही. तिच्या पाड्यावर मोहाची फुलं वेचायला निघालं की रानवाटेवर सगळ्यांत मोठ्याने पुढे चालायचं असतं. काटे त्याने बाजूला करायचे, काठी त्याने आपटायची, साप निघाला तर तो आधी त्याच्या पायाशी. लहान पोरं मागे. जमना पाच भावंडांत थोरली. मागे चालणं तिला जमत नव्हतं असं नाही, तिला त्याची लाज वाटायची.

"दुसरीच्या पाठीमागे लपून पळायचं, तिला वारा खायला लावायचा, आणि शेवटी तिलाच टाकून जायचं," एकदा ती म्हणाली, "ही लबाडी नाही का, नाना?"

नानांनी तिला आणखी एक फेरी मारायला लावली. लोक त्यांना 'शेवटच्या फेरीचा तोताराम' म्हणत, कारण तरुणपणी आगारांच्या स्पर्धेत ते शेवटून दुसरे असताना अखेरच्या फेरीत पाच जणांना मागे टाकून पहिले आले होते. आगारात ती गोष्ट सांगून सांगून गुळगुळीत झाली होती. पण त्या दिवशी त्यांच्या बरगडीखाली कळ आली होती म्हणून ते मागे राहिले होते, आणि मंडपासमोर शर्यत सोडायची लाज वाटली म्हणून पळत राहिले, एवढंच त्यांना आठवत होतं. शेवटी आपण जोरात गेलो होतो, की बाकीचे पाच जण थकून हळू झाले होते, हे त्यांना आजवर कळलं नव्हतं. आणि तेच ते या मुलीला शिकवत होते.

धुळ्याला पोचल्यावर नानांनी आधी मैदान पावलांनी मोजलं. पहिलं वळण संपून मैदानाची पलीकडची सरळ बाजू सुरू होते, तिथून शेवटची रेघ बरोबर तीनशे मीटर. जमनाचा दम तीनशेचाच होता. चारशेला सुटली तर शेवटी पाय लटपटायचे, दोनशेला सुटली तर पुढच्या मुली हाती लागायच्या नाहीत. नाना तिथे जाऊन उभे राहिले, खांद्यावर पिवळा टॉवेल टाकला आणि लांबून तिला हात केला. तिनेही हात केला. मग मुलींना नंबर लावायला आत नेलं.

तेवढ्यात छातीवर बिल्ला लावलेला एक पोरगेला स्वयंसेवक सगळ्यांना मंडपाकडे पाठवत तिथे आला.

"ओ आबा, आठे उभं नका ऱ्हाऊ. बठ्ठासले मंडपकडे धाडेल शे."

"अरे भाऊ, माझी मुलगी पळणार आहे. मला इथेच उभं राहावं लागतं."

"इथेच कशाले? तठेथून चांगलं दिसस. सावली बी शे."

दुसऱ्या कुणी आवाज चढवला असता. नानांनी बत्तीस वर्षं डेपो मॅनेजरला 'हो साहेब' म्हटलं होतं, त्यांची मान आपोआप हलली. ते मंडपाकडे चालू लागले आणि अर्ध्या वाटेत बंदुकीचा बार झाला.

मंडप होता शेवटच्या रेघेच्या पन्नासेक मीटर अलीकडे. तिथे जहांगीरभाई कठड्याला टेकून उभे होते. त्यांची लेक रुखसार धुळ्याचीच. मागच्या दोन्ही वर्षी जमनाला शेवटच्या सरळ बाजूवर मागे टाकणाऱ्या दोघींतली एक तीच. जहांगीरभाईंचा फर्निचर पॉलिशचा धंदा, त्यामुळे नखं कायम तपकिरी.

"या नाना, या! यंदा तुमची घोडी मागे कशी? बीमार आहे का?"

नानांनी पाहिलं. जमना सहावी पळत होती, सगळ्यांच्या मागे मान खाली घालून. पुढे जायला कुणीच तयार नव्हतं, सगळा घोळका लग्नाच्या वरातीसारखा हळूहळू सरकत होता. रुखसार चौथी.

"बीमार नाही. तिला मी थांबवलंय."

"हां! म्हणजे तीही मांजर झाली. सगळ्या मांजरीच झाल्या तर उंदीर कोण होणार, नाना?"

जहांगीरभाई आपल्याच विनोदावर हसले. नानाही थोडं हसले, आणि हसता हसता त्यांची नजर पलीकडच्या सरळ बाजूकडे गेली.

जमनाला सांगितलं होतं की शेवटच्या फेरीची घंटा झाली की नाना दिसतील तिथून सुटायचं. पण नाना तर मंडपाशी. घंटा होणार शेवटच्या रेघेवर. म्हणजे घंटेनंतर ती पूर्ण फेरी नानांना शोधत जाणार, आणि नाना तिला दिसणार तेव्हा पन्नास मीटर उरलेले असणार!

घोळका पुन्हा मंडपासमोरून गेला. जमनाने नानांना पाहिलं. तिच्या कपाळाला आठी पडली. त्यांना इथे बघून ती बुचकळ्यात पडली होती, हे नानांना स्वच्छ दिसलं.

"जमना!" ते ओरडले. "मी इथे नाही! मी तिकडे आहे असं समज!"

त्याच क्षणी लाउडस्पीकरवर कुणीतरी मान्यवरांचं स्वागत सुरू केलं. जमनाच्या कानांवर काय पडलं देव जाणे. जहांगीरभाई मात्र नानांकडे टक लावून पाहत राहिले.

"नाना, तुम्ही कुठे आहात?"

"तिकडे," नाना म्हणाले.

पुढच्या दोन फेऱ्या नाना नुसते उभे राहिले. जावं, की न जावं? आता तिकडे गेलो तर ती आणखी गोंधळेल का? की ती शहाणी आहे, स्वतःच ओळखेल? की तिला तिच्या मनासारखं पळू दिलं असतं तरच बरं झालं असतं? अशा वेळी इंजिन उघडून पाहता येतं. माणसाचं काय उघडणार? फलकावरचा उरलेल्या फेऱ्यांचा आकडा तीनवर आला, तेव्हा ते एकदम वळले आणि मंडपाच्या मागून निघाले.

मागे पाण्याचा टँकर आडवा लावलेला होता. त्याला वळसा घातला तर पुढे जाळीचं फाटक, त्याला कुलूप. नाना परत फिरले, खुर्च्यांच्या चळतीमधून वाट काढली, एका मोटारसायकलला धक्का लागून ती आडवी झाली, "माफ करा, माफ करा" म्हणत तिला उभी केली. जवळपास कुणीच नव्हतं, तरी दोनदा माफी मागितली. टॉवेल कुठे गळला ते कळलं नाही. गुडघा बोंबलत होता. मैदानाबाहेरच्या जाळीला लागून ते वळणावर पोचले आणि घंटा वाजली.

आता चालून भागणार नव्हतं. नाना पळू लागले.

एकसष्ट वर्षांचा माणूस, पायात चामड्याच्या चपला, एका हाताने धोतराचा सोगा धरलेला. जाळीच्या आत घोळका वळणावर आला. जाळीच्या बाहेर नाना त्याच दिशेने पळत होते. पळताना त्यांना समजलं की ते पुन्हा चुकले आहेत. जमनाने त्यांना इथे पाहिलं तर ती इथूनच सुटणार, अजून साडेतीनशे बाकी असताना. म्हणून त्यांनी हात उंचावून पुढे, पुढे अशी खूण केली. मग लक्षात आलं की त्या खुणेचा अर्थ 'पुढे जा' असाच होतो. त्यांनी हात खाली घेतला. मग वाटलं, हात खाली घेतला तर ती थांबेल. त्यांनी पुन्हा वर केला.

जमनाने त्यांना पाहिलं. मान वळवून, डोळे मोठे करून पाहिलं, आणि ती सुटली.

नानांनी तिला अशी सुटताना कधीच पाहिलं नव्हतं. चार महिन्यांच्या तालमीत जे जमलं नव्हतं ते होतं हे. पाचवी, चौथी, तिसरी. रुखसारने तिचा आवाज ऐकला असावा, कारण तीही सुटली. दोघी पलीकडच्या सरळ बाजूने लांब लांब होत गेल्या. नानांच्या आणि त्यांच्या मध्ये एक फलक आला, मग प्रमुख पाहुण्यांची गाडी आली, मग माणसंच माणसं. लांब मंडपाकडे मोठा ओरडा झाला. नाना जाळीला धरून खाली बसले. चारशेचा दम नाही तिला, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. शेवटी पाय लटपटले असणार. आपणच लटपटवले.

किती वेळ गेला कोण जाणे. जहांगीरभाई धापा टाकत आले, हातात पाण्याची बाटली.

"नाना, ओ नाना! पाणी प्या आधी. असं पळतात का या वयात?"

"काय झालं?"

"काय झालं तेच कळत नाही! एक पंच म्हणतो माझी पहिली, दुसरा म्हणतो तुमची पहिली. दोघं तिथे भांडतायत."

"म्हणजे जमना गेली की राहिली?"

"अहो, पहिली नाहीतर दुसरी!"

"पण नक्की कितवी?"

"नाना, दोघी जाणार! दोघी गेल्या संघात!" जहांगीरभाईंनी त्यांचा दंड धरून हलवला. "तिसरी चाळीस पावलं मागे आहे, तिला विचारा पाहिजे तर."

नाना पाणी प्यायले. समजायला त्यांना अख्खी बाटली लागली.

जमना मैदान आडवं कापून त्यांच्याकडेच येत होती. अनवाणी, बूट हातात, तोंड पांढरंफटक. आनंदाची एक रेघ त्यावर नव्हती. जाळीशी आली आणि तिने जाळी गच्च धरली.

"काय झालं, नाना? कोणाचा फोन आला?"

"फोन?"

"घरून. आईचं काय झालं का? सांगा ना!"

"अगं, काही नाही झालं."

"मग तुम्ही पळत का होता?" तिचा आवाज चिरकला. "मी कधी पळताना पाहिलंय का तुम्हाला? मला वाटलं घरचा निरोप घेऊन धावताय. हात काय करत होता, बोलवत होता ना? मला वाटलं लवकर संपवून तुमच्यापाशी यावं. मधे तर सोडता येत नाही."

नानांनी मनातल्या मनात मीटर मोजले. ती तीनशेवरून सुटली नव्हती, साडेतीनशेवरूनही नाही. ती त्यांच्याकडे यायला सुटली होती, आणि यायची वाट पूर्ण फेरीची होती म्हणून तेवढी पळाली. हे शिकवण्यात बसतं का? पुढच्या वेळी हेच तिला सांगायचं कसं?

"तुझी निवड झाली," ते म्हणाले.

"फोन द्या."

लाउडस्पीकरवर निकाल सांगत होते. रुखसार पहिली, जमना दुसरी, वेळेत जवळजवळ फरक नाही. जमनाने ते ऐकलंही नाही. नानांच्या फोनवरून तिने पाड्यावर तिच्या चुलतभावाला, बादलला लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला, बादल फोन घेऊन तिच्या आईकडे गेला, तोवर ती नखं खात उभी राहिली.

"आई? तू बरी आहेस ना? ... नाही, काही नाही... अगं खरंच काही नाही."

मग ती नुसती ऐकत राहिली. मग तिने फोन जाळीच्या भोकातून नानांकडे दिला.

"तुम्हीच सांगा. तिला वाटतंय मला काहीतरी झालंय."

नानांनी फोन कानाला लावला. पलीकडे शेळी ओरडत होती, आणि एक बाई घाबऱ्या आवाजात विचारत होती की खरं काय ते सांगा.

"मी तोताराम बोलतोय, ताई. जमना चांगली आहे. धुळ्याला शर्यतीत दुसरी आली. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तिची."

"मग ती रडते कशाला?"

नानांनी मान वर करून पाहिलं. जमना खरंच रडत होती, बूट छातीशी धरून. आतापर्यंत त्यांना ते दिसलंच नव्हतं.

"ते मलाही नीट कळत नाही, ताई," नाना म्हणाले. "थांबा, तिलाच विचारतो."