थंडीतली भेंडी

ताईचे बाबा जन्मभर रोपवाटिकेत माळी होते आणि पेरणीच्या वेळेबाबत त्यांनी देवालाही सवलत दिली नसती. गेली तीन वर्षं गुडघ्यांनी त्यांना खाटेवर जखडून टाकलं होतं, जीभ मात्र ठणठणीत होती. सकाळपासून लोकांचे फोन सुरू व्हायचे.

"टोमॅटोची पानं पिवळी पडताहेत? मग पाणी आवरा. कुंडीत बोट घाला, दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली तर झारी खाली ठेवा. आणि मटार थंडीच्या तोंडावर लावायचा. उन्हाळ्यात लावलात तर नुसते वेल बघत बसाल."

त्यांच्या कानाशी फोन धरून उभी राहायची ती ताई. बाल्कनीतल्या बावीस कुंड्या, त्यांचं पाणी, खत, खुरपणी आणि बाबा, सगळं तिच्याच गळ्यात पडलं होतं. शिवणयंत्र, खाट, बाल्कनी. अडतिसाव्या वर्षी तिचं जग एवढंच उरलं होतं आणि कधीकधी तिला त्यात खरोखर गुदमरायला व्हायचं.

अशात पत्र आलं. दूरच्या गावातल्या शाळेत शिवण शिकवायची नोकरी होती, पंधरा दिवसांत होकार कळवायचा होता. भाऊ बाबांना आपल्याकडे न्यायला एका पायावर तयार होता. अडलं होतं ते बाबांच्या 'हो'पाशी.

"बाबा, जाऊ ना मी?"

"जा की. मी काय पाय धरलेत तुझे?" बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "आधी तेवढी भेंडी पेर. उगवली की जा."

ताई बघतच राहिली. बाहेर कडाक्याची थंडी. भेंडीला ऊब लागते, गार मातीत बी कुजून जातं, हे याच तोंडाने शंभर जणांना बजावलं होतं.

"थंडीत भेंडी?"

"माळी मी का तू?"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण वाद घालून बाबांशी कोण जिंकलंय! तिने बी रात्रभर भिजत घातलं, सकाळी कुंडीत टोचलं, आणि बाबांच्या गुडघ्यांची गरम पाण्याची रबरी पिशवी उचलून कुंडीखाली ठेवली. वरून जुनी गोधडी गुंडाळली.

"पिशवी गळायला लागलीय बाबा. नवी आणते," असं तिने त्यांना सांगितलं.

नवी काही आली नाही. दिवसातून चारदा ती स्वयंपाकघरात पाणी तापवून पिशवी भरायची. खोलीत बाबा गुडघे चोळत कण्हायचे. ते ऐकू येऊ नये म्हणून ती यंत्र जोरात चालवायची. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि तरी पिशवी तिने परत नेली नाही.

नवव्या दिवशी माती तडकली. अकराव्या दिवशी दोन हिरवी पानं उघडली. कुंडी उचलून ताईने ती खाटेवर, बाबांच्या पुढ्यात ठेवली. बाबांनी चष्मा लावला आणि सवयीने मातीत बोट घातलं. बोट बराच वेळ तिथेच राहिलं.

"कोमट आहे," ते म्हणाले.

ताईचा चेहरा उतरला.

"पिशवी गळत नव्हती. स्वयंपाकघरात चारचारदा पाणी तापत होतं, दुसऱ्याच दिवशी कळलं मला."

"मग बोलला का नाहीत? किती दुखत होतं तुम्हाला!"

"बोललो असतो तर तू ती परत आणली असतीस. मग हे उगवलं नसतं." बाबांनी बोटाची माती पुसली. "तुला जायचंय हे पत्रावरून नव्हतं कळलं गं. माझं कण्हणं ऐकूनही तू पिशवी दिली नाहीस ना, तेव्हा कळलं."

ताई खाटेच्या कडेवर बसली आणि ढसाढसा रडू लागली.

"कुंडीवर रडू नकोस, ओल पुरेशी आहे," बाबा म्हणाले. "भावाला फोन लाव. आणि ती पिशवी आण आता, मेलो मी."