स्पिरिटचा वास

"बाबा, तुम्हाला अजून प्यावंसं वाटतं का?"

हा प्रश्न मुळात माझा नाही. माझ्या दोन मैत्रिणी आहेत, चष्मिस आणि लांबोडी. चष्मिस आमच्याच चर्चला येते, त्यामुळे बाबांची साक्ष तिने ऐकलेली. साक्ष म्हणजे सगळ्या मंडळीसमोर उभं राहून देवाने आपल्याला कशातून सोडवलं ते सांगायचं. मधल्या सुट्टीत चष्मिसने ती लांबोडीला हातवाऱ्यांसकट ऐकवली, आणि लांबोडी म्हणाली, "छे, असं कुठे असतं? प्यावंसं वाटतसुद्धा नाही?"

"नाही वाटत," मी म्हटलं. "देवाने तहानच काढून घेतली. ते स्वतः सांगतात."

"तू विचारलंयस कधी?"

"त्यात विचारायचं काय?"

"म्हणजे टरकतेस," चष्मिस म्हणाली. "वक्तृत्वात पहिली आल्यापासून नाक वर करून फिरतेस, आणि घरी भिजलेलं मांजर."

मांजर म्हटल्यावर विषयच संपला. गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीला 'हजर' म्हणायलाही लाजायचे. मग बाईंनी ढकलून ढकलून माईकसमोर उभं केलं आणि माझं मलाच कळलं की आपल्याला आवाज आहे, चांगला खणखणीत आहे, आणि लोक तो ऐकतात. तेव्हापासून बाबा मला भोंगा म्हणतात. तर त्याच संध्याकाळी, जेवताना, भोंगा वाजला.

आईचा हात पातेल्यावरच थांबला. मला वाटलं बाबा हसतील, किंवा साक्षीतलं वाक्य म्हणतील, जे मला तोंडपाठ आहे. त्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"हो," ते म्हणाले.

"म्हणजे कधीमधी?"

"आज दुपारपासून."

"पोरीला काय सांगताय अहो," आई म्हणाली.

"विचारलं तिने."

"विचारलं म्हणून सांगायचं? तू पण. जेव आता. गार होतंय."

मी जेवले. काय जेवले ते विचारू नका.

माझे बाबा मूळचे पॉलिशवाले. लाकडाचं पॉलिश, तेही जुन्या पद्धतीचं. चपडी, म्हणजे लाखेचे पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा फडक्यात गुंडाळून त्यात बुडवायचा आणि लाकडावर हात मारत राहायचं, एकावर एक, लाकडात तोंड दिसेपर्यंत. पण स्पिरिट म्हणजे काय हे आमच्या घरात लहानपणापासून सगळ्यांना माहीत आहे. मी प्राथमिक शाळेत होते तेव्हा एकदा दुकानं बंद होती म्हणून बाबांनी तेच प्यायलं. हॉस्पिटलमध्ये त्यांना कित्येक दिवस धड दिसत नव्हतं. मी पलंगाशी उभी होते आणि ते माझ्या आवाजाच्या दिशेने, माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. डॉक्टर आईला म्हणाले होते की पुढच्या वेळी आम्हाला काही करता येणार नाही.

त्यानंतर चर्चचे पाळकसाहेब त्यांना भेटायला यायला लागले. बाबा चर्चला जायला लागले, सुटले, आणि स्पिरिट सोडून एका कारखान्यात फक्त लाकूड घासायच्या कामाला लागले. इथपर्यंतची गोष्ट साक्षीत आहे.

साक्षीत नाही ती गोष्ट अशी, की रोज संध्याकाळी बाबा दारात आले की मी धावत जाऊन त्यांना मिठी मारते. शेजारच्या काकू म्हणतात, एवढी घोडी झाली तरी बापाची लाडकी. आई बघत उभी राहते. मिठी मारली की माझं नाक बरोबर त्यांच्या हनुवटीखाली येतं. मी श्वास आत घेते. भुसा, घाम, चहा. मग मी आईकडे बघते आणि आई वळून कामाला लागते.

यावर मी कधी फार विचार केला नव्हता. काही घरांत रात्री गॅस बंद आहे ना बघतात, तसं.

आणि मग चर्चच्या बाकांचं काम निघालं. चर्चचा वर्धापनदिन जवळ आला होता, मोठा समारंभ, बाहेरून पाहुणे. चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळींना बाकांना जुनी झळाळी हवी होती. रंगवाल्याचं चकचकीत काम नको, चपडीचंच हवं. आणि आपल्या मंडळीत एवढा कसबी माणूस बसलेला असताना बाहेरचा कशाला? सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, हो, करतो की. कारखान्यातून सुट्टी काढून गेल्या आठवड्यापासून ते चर्चमध्ये एकटे बाकं करत होते. त्या आठवड्यापासून माझ्या नाकाचाही घोटाळा झाला होता. ते आले की अंगाला, कपड्यांना, केसांना स्पिरिटचाच वास. मी मिठी मारून तोंडाजवळचा वास निराळा काढायची खटपट करायचे. दोनतीनदा हुंगायचे. आणि आईकडे बघून मान हलवायचे, खात्री नसताना.

"काय म्हणाले?" दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारातच दोघी माझ्यावर तुटून पडल्या.

"नाही म्हणाले," मी म्हटलं. "अजिबात वाटत नाही म्हणाले."

"बघ," चष्मिस लांबोडीला म्हणाली, आणि तिचा चेहरा इतका उजळला की मी बूट बांधायच्या निमित्ताने खाली वाकले.

त्या संध्याकाळी बाबा वेळेवर आले नाहीत.

आई हॉस्पिटलच्या धुलाईत कामाला आहे, तिची पाळी संपायची होती. मी बाबांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मी खिडकीत उभी राहिले, मग दारात, मग जिन्यात. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय गं, बापाची वाट बघतेस?" मी हसले. माझं तोंड आपलं आपण हसलं. मग आईला निरोप टाकला, 'चर्चला जातेय', आणि निघाले. आधी चालत. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी पोचले तेव्हा मी पळत होते आणि कधी पळायला लागले ते मला कळलं नव्हतं.

अजून उजेड होता. चर्चचं फाटक उघडं होतं, मोठं दार बंद. पायरीवर स्पिरिटचा कॅन उभा होता. झाकण काढून बाजूला ठेवलेलं. कॅनला टेकून बाबांची पिशवी. मी पुन्हा फोन लावला, आणि तो त्या पिशवीत वाजायला लागला.

मी कॅन हलवून बघितला. अर्ध्याला आला होता. पण तो बाकांना लागून अर्ध्याला आला की कसा, हे कॅन थोडंच सांगणार? मला हॉस्पिटलचा पलंग दिसला आणि खांद्यावरून पलीकडे बघणारे डोळे.

"बाबा!"

दार ढकललं. दारातलं कुलूप लागलेलं होतं. मी दोन्ही हातांनी दार बडवलं. माझा खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे, घशातून नुसती हवा येत होती.

"बाबा, आहात का?"

आत बाक सरकल्याचा आवाज झाला.

"भोंगा?"

"दार उघडा."

"किल्ली नाहीये माझ्याकडे."

"म्हणजे? आत कसे गेलात?"

"आतून लावलं आणि किल्ली खिडकीतून बाहेर फेकली. बाजूच्या झाडांत असेल. थांब, आधी किल्ली नको शोधू. आधी कॅन. मागे नळापाशी गटार आहे, तिथे ओत सगळा. थेंब ठेवू नकोस. मग दार उघड."

"बाबा, तुम्ही प्यायलात का?"

"आधी कॅन, बाळा."

मी कॅन उचलून मागे नेला. इतक्या घाईने उपडा केला की निम्मं माझ्या फ्रॉकवर आणि चपलांवर सांडलं. वास नाकात, घशात, डोळ्यांत गेला. नळ सोडून मी कॅन विसळला, पुन्हा विसळला. मग खिडकीखाली झाडांत गुडघ्यांवर बसून चाचपत राहिले. किल्ली हाताला लागली तेव्हा मला वाटलं, आता ही परत फेकून द्यावी आणि आत काय आहे ते कधी बघूच नये.

दार उघडलं. बाबा मधल्या वाटेत जमिनीवर बसले होते, पाठ बाकाला टेकून. शर्ट घामाने चिकटलेला. माझ्याकडेच बघत होते, नीट माझ्या डोळ्यांत.

मी धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडले आणि श्वास आत घेतला. स्पिरिट. पुन्हा घेतला. स्पिरिट. त्यांचा वास होता की माझ्या फ्रॉकचा, की पुढच्या दोन ओळींतल्या ताज्या पॉलिश केलेल्या बाकांचा, मला काहीच वेगळं काढता येईना. मी कुत्र्यासारखी हुंगत राहिले.

"समजतंय का काही?" बाबांनी हळूच विचारलं.

मी मागे झाले.

"मला माहीत आहे तू मिठी का मारतेस," ते म्हणाले. "आधीपासून माहीत आहे. मला वाटायचं, तेवढी तरी मारते."

मला रडायला आलं नाही. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

"नाही प्यायलो," ते म्हणाले. "आज जवळ ठेवायची हिंमत नव्हती, म्हणून गटारात ओतायला झाकण काढलं आणि वास वर आला. हात थांबला. ओतवेना आणि खाली ठेवून घरीही येववेना. मग तो तसाच पायरीवर ठेवला आणि आत पळालो. तेव्हापासून इथे बसून म्हणतोय, प्रभू, एवढी घटका निभावून ने. एवढीच घटका. मोठी प्रार्थना सुचतच नव्हती."

"पण तहान तर काढून घेतली होती ना? देवाने? तुम्हीच सांगता."

"घेतली होती. सुरुवातीचे काही महिने खरंच नव्हती. मग परत आली." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "तहान परत आली, बाळा. पण तो सोडून गेला नाही. हे साक्षीत सांगायला हवं होतं मी. पण लोकांना 'दारुडा होतो' आवडतं. टाळ्या पडतात. मागच्या खोलीत गुरुवारी आमची, दारू सोडणाऱ्यांची, बैठक असते ना, तिथे आम्ही 'आहे' म्हणतो. मी दारुडा आहे. तिथे कोणी टाळ्या वाजवत नाही, पण तिथून घरी आल्यावर मला झोप लागते."

"मग बाकांना नाही का म्हटलं नाहीत?"

"काय सांगून? तहान गेलेला माणूस स्पिरिटला कशाला भिईल? मीच स्वतःला अडकवलं. आता पाळकसाहेबांना सांगतो. उरलेली बाकं मेण लावून करू, नाहीतर दुसरा कोणी करेल. पाहुणे आले तर येऊ देत."

ते खरं बोलत होते का? मला माहीत नव्हतं. डोळे ठीक होते, शब्द ठीक होते, पण पूर्वी प्यायल्यावरही ते कितीदा ठीक असायचे. नाकाने मला आजवर सांभाळलं होतं आणि आज ते निकामी झालं होतं. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले, खांद्याला खांदा लावून, आणि प्रार्थना करायचा प्रयत्न केला. मलाही मोठी सुचली नाही. मी म्हटलं, मला भीती वाटते. एवढंच. आमेनसुद्धा राहिलं.

फाटकाचा आवाज झाला. आई धापा टाकत आत आली, धुलाईचा निळा झगा तसाच अंगावर. पायरीवरचं कॅनचं झाकण तिला दिसलं असणार. ती सरळ बाबांसमोर वाकली आणि तिने नाक पुढे केलं.

"आई, उपयोग नाही," मी म्हटलं. "सगळं सांडलंय."

"मग कसं कळणार?" आई मला म्हणाली. हा प्रश्न होता की ओरडणं, कोण जाणे. तिचा आवाज फाटला होता. "सांग ना. आता कसं कळणार आपल्याला?"

"नाही प्यायलो गं," बाबा म्हणाले.

"ते तुम्ही आधीही म्हणायचात."

"म्हणायचो."

आई बाकावर बसली. ताजं पॉलिश होतं, झगा चिकटला असणार, पण ती उठली नाही. तिने झग्याचं टोक मुठीत आवळून धरलं होतं. मी इतके दिवस समजत होते की आमच्या घरात मी एकटीच घाबरते आणि आई नुसती कामाला लागते.

"गुरुवारी शेजारच्या खोलीत घरच्यांची पण बैठक असते ना?" मी बाबांना विचारलं.

"असते. तुझी आई नाही म्हणते."

"आपल्याला काय झालंय तिथे जायला?" आई म्हणाली, सवयीने.

मी उठून उभी राहिले. फ्रॉकला स्पिरिटचा वास येत होता, आणि समोर माझ्या आयुष्यातले सगळ्यात कमी श्रोते होते. माझा आवाज परत आला होता, पण नेहमीसारखा खणखणीत नव्हता.

"मला झालंय," मी म्हटलं. "रोज संध्याकाळी होतं. आई, बाबा, मी या गुरुवारपासून त्या बैठकीला जाणार आहे. आई आली तर आईबरोबर, नाहीतर एकटी."