पेटीतली सेफ्टी

आमच्या इंझोरी गावात चांगली वस्तू घरात आली की आधी पेटीत जाते. नवं लुगडं, पितळी डबा, लेकाने, नरेंद्रने, पुण्याहून आणलेला टॉर्च. तसंच तालुक्याच्या शिबिरात आमच्या घरच्यांना, इंद्रभानना, मिळालेलं फवारणीचं किटही पेटीत गेलं. पिवळा कोट, मास्क, चष्मा, हातमोजे. खराब होऊ नये म्हणून वर डांबरगोळ्या टाकल्या.

आणि ते स्वतः तोंडाला दुपट्टा गुंडाळून सोयाबीनवर औषध मारत राहिले. परवा फवारता फवारता धुऱ्यावर, बांधावरच बसले. डोकं गरगरलं, उलटी झाली. घरी येऊन म्हणाले, "ऊन लागलं." ऊन कुठलं? दिवसभर आभाळ होतं.

आज उरलेला एक एकर फवारायचा होता. त्यांनी पाठीवरचा पंप बाहेर काढला तशी मी पेटी उघडली. खोक्यावरची अक्षरं बोट ठेवून वाचली. अक्षरओळख मला पन्नाशी उलटल्यावर झाली, बुद्धवंदनेचं पुस्तक आपलं आपण वाचता यावं म्हणून. तेव्हापासून दिसेल ते वाचते.

"सेफ्टी किट. दीपा, सेफ्टी म्हंजे काय वं?"

नात धम्मदीपा वाशीमला कॉलेजात शिकते, रविवारी घरी असते. "सुरक्षा, आजी."

"ते तं मलेई ठाव हाय. पन हा शब्द आला कुठून?"

ती मोबाईलमध्ये शोधू लागली.

"कायले मोबाईल झिजवता?" इंद्रभान ओसरीतून म्हणाले. "सेफ्टी पिन. बांगडीत अडकवाची. झाला अर्थ."

"आबा, नरेंद्रकाका पुण्याहून फोनवर म्हनते ना, सेफ पोचलो? तोच हा शब्द. लॅटिन नावाच्या जुन्या भाषेत साल्वस होता, त्याच्यातून आला. साल्वस म्हंजे धडधाकट. अख्खा. काही उणं नसलेला. आपला सर्व शब्द त्याचा दूरचा भाऊ हाय, असं लिहिलं हाय इथं."

"मंग वंदनेतला सब्ब?"

"तो पाली भाषेतला सर्व शब्दच, आजी."

रोज संध्याकाळी तोंडात असलेला शब्द त्या खोक्यावरच्या शब्दाचा नातलग निघाला. कोण कुठला, पण नातं लागलं की माणसाला धीर येतो. मी कोट उचलून ओसरीत गेले.

"घाला."

"नवंकोरं हाय. नरेंद्र येईन तं त्याच्या कामी येईन."

"नरेंद्र पुन्यात हापिसात काय फवारते? खुर्ची?"

धम्मदीपा फिदीफिदी हसली. ते मात्र हसले नाहीत.

"हे पाय पंचफुले, तुहा तो शब्द अख्ख्या मानसासाठी हाय. मी कुठं अख्खा राह्यलो? चार दात गेले. डावा कान बंद. अंगठ्याचं नख थ्रेशरनं नेलं. आता कायले झाकतं?"

"म्हनूनच झाकतो. गेलं तेवढं बस झालं. उरलं ते माहं हाय. त्यातलं मी कोनाले काही देत नाही."

त्यांनी पंप खाली ठेवला आणि बाहीसाठी हात पुढे केला. कोट मी त्यांच्या अंगात घातला, मास्कचे पट्टे दीपाने ताणले.

गल्लीत गोमतीबाई धुणं वाळत घालत होती. "काय वो पंचफुलाबाई, बुवाले चंद्रावर धाडता काय?"

"धाडतो, पन वापस आनतो," मी म्हणाले खरी, पण वाटलं, हे आता सगळं काढून फेकणार. ते थांबले. चष्मा नीट बसवला आणि वावराच्या वाटेला लागले.

दुपारी भाकर घेऊन गेले. दुरूनच पाहिलं, पिवळा कोट सोयाबीनच्या तासातून, दोन ओळींमधून, सावकाश सरकत होता.

शेवटचा पंप संपवून ते आले. नाकावर मास्कचा लाल वळ, आतला सदरा घामाने चिंब. "भट्टीत घातलं तू मले," म्हणत त्यांनी साबणाने हात धुतले. भाकर देताना मी तो हात धरून नाकाशी नेला. औषधाचा वास नव्हता. रबराचा होता.

"काय वं, हात खातं काय आता?"

"जेवा," मी म्हणाले.

परवापासून त्यांना अर्धी भाकरही जात नव्हती. ती एक संपवून त्यांनी दुसरीसाठी हात पुढे केला, आणि वर म्हणाले, "ठेचा कमी आनला आज."