फुली चुन्यावर होती

मी पांढुर्ण्याच्या बाजारओळीतली दुमजली इमारत बोलतेय. मी पडायला आले, असं नगरपालिकेने लिहून दिलं होतं. खुशाल लिहा. मी उभी आहे!

कापसाच्या एका पेढीसाठी मला बांधलं. काळा दगड, सागाच्या तुळया, पुढे रुंद ओटा. पेढी उठली तेव्हा मालक नत्थूजींनी खालची खोली चंद्रकलाबाईंना भाड्याने दिली. वीस वर्षं त्या माझ्या ओट्यावर शिलाई मशीन चालवतात. पार तिगावच्या बाया पोलकी शिवायला येतात. हा ओटा गेला तर त्यांच्या मशीनला दुसरी जागा नाही.

नत्थूजींचा एक हट्ट होता. दिवाळीचा चुना जुन्या चुन्यावरच लावायचा. भिंत खरवडली की लक्ष्मी जाते म्हणे! कधी पांढरा, कधी निळसर, कधी पिवळा, थरावर थर चढले. माणसं स्वतः धुतलेले कपडे घालतात, मला मात्र मळक्यावरच नवा सदरा.

शहाऐंशीच्या पावसाळ्यानंतर तो चुना वरपासून खालपर्यंत तडकला. नगरपालिकेच्या ओव्हरसियरने रस्त्यावरूनच पाहिलं आणि तांबडी फुली मारली.

"बाई, दरार दिसून राहिली ना? आठ दिवसांत खाली करा. पाडा लागते हे."

मला असा संताप आला! शेजारची धर्मशाळा अशाच फुलीने गेली. पाडताना तिचे दगड निघता निघेनात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

चंद्रकलाबाई मशीनवरून उठल्या. घरातून पोळ्या उलथायचा सराटा आणला आणि तड्यात घातला.

"अवं बाई, दिवाळी तोंडावर आली. लक्ष्मी जाईन ना!" नत्थूजी ओरडले.

"जाऊ द्या, दादाजी. भिंत तं राहीन!"

सात दिवस त्या खरवडत होत्या. पिवळे, निळसर, पांढरे ढलपे ओट्यावर पडत होते. खाली माझा काळा दगड निघाला. केसाएवढी चीर नव्हती.

आठव्या दिवशी ओव्हरसियर आला. त्याने हातोडीने ठोकून पाहिलं. खण्ण आवाज झाला आणि हातोडीच मागे उडाली.

"फुली कुठी गेली?"

"चुन्यावर होती, साहेब. चुन्यासंगं झाडून टाकली."

पाडायच्या हुकमाचा कागद घडी करून खिशात घालून तो निघून गेला. नत्थूजी बराच वेळ माझ्या दगडावर हात ठेवून उभे होते.

आता ओळीतल्या बाकीच्या इमारतींच्या वतीने नगरपालिकेला सांगते. फुली मारायचीच असेल तर आधी चुना खरवडा, मग दगडावर मारून दाखवा.